15 पिक्चर, 8 डिस्क आणि सूटमधला घामाघूम माणूस

स्टार आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. पाचपैकी साडेचार. अर्धा कशाला कापला ते खाली येईलच, आणि तो कापताना पण जीवावर आलं.

तर वस्तू कोणती, क्रायटेरियनचा 'गॉडझिला, द शोवा-एरा फिल्म्स' हा ब्लू-रे सेट. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये निघालेला, 1954 ते 1975 या काळातले तोहो कंपनीचे सगळेच्या सगळे 15 गॉडझिला पिक्चर, 8 डिस्कवर. शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोची कारकीर्द, जपानी लोक या पिक्चरची कालगणना पण सम्राटाच्या हिशोबाने करतात. क्रायटेरियन ही कुरोसावा, बर्गमन, आपले सत्यजित राय वगैरे मंडळींचे पिक्चर निगुतीने काढणारी अमेरिकन कंपनी, त्यांच्या प्रत्येक रिलीजला नंबर असतो, आणि 1000 वा नंबर त्यांनी दिला कोणाला तर रबरी सूट घालून खेळण्यातलं टोकियो तुडवणाऱ्या बाप्याला. मी तिथेच फिदा.

छापील किंमत 224.95 डॉलर, म्हणजे आपले 18-20 हजार आरामात गेले. पण तिकडे जुलै आणि नोव्हेंबरच्या आसपास क्रायटेरियनवर निम्म्या किमतीचा सेल लागतो, घ्यायचा तर तेव्हाच. आमचा भाचा न्यू जर्सीला असतो, त्याने सेलमध्ये उचलला आणि इकडे येताना बॅगेत घालून आणला, आणि ताई अजून मला ऐकवते की एवढ्या जागेत बदामाची चार पाकिटं मावली असती.

जागा खातो हे मात्र खरं. हा डबा नाहीये, पुठ्ठा बांधणीचं भलंमोठं पुस्तक आहे, आतमध्ये प्रत्येक पिक्चरसाठी वेगवेगळ्या चित्रकाराकडून काढून घेतलेलं चित्र, लेख, माहिती, आणि मागे जाड पानांच्या खाचांमध्ये डिस्क खोचलेल्या. चित्रं अप्रतिम, तासभर नुसतं तेच बघत बसाल. पण डिस्क बाहेर ओढताना बोटांचे ठसे उमटणारच, आणि कपाटात उभा राहत नाही, आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात आडवा पडलेला असतो आणि त्याच्यावर कायम कोणाचा तरी चष्मा, रिमोट नाहीतर विजेचं बिल.

आता महत्त्वाचं, पैसे टाकण्याआधी हे वाचाच. या डिस्क रिजन ए च्या आहेत, भारत ब्लू-रेच्या हिशोबात रिजन सी मध्ये येतो, म्हणजे इथे विकत घेतलेल्या साध्या प्लेअरवर चालणार नाहीत. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानदाराने (नाव जाऊ दे) 'मल्टिरिजन आहे साहेब, बिनधास्त काहीही टाका' म्हणून एक प्लेअर माझ्या गळ्यात मारला, घरी आणून लावतो तर डीव्हीडी जगातल्या सगळ्या चालतायत आणि ब्लू-रे टाकली की स्क्रीनवर सूचना, ही डिस्क या भागात चालत नाही. तर बाबांनो मल्टिरिजन डीव्हीडी वेगळं आणि मल्टिरिजन ब्लू-रे वेगळं, खोक्यावर नुसतं मल्टिरिजन लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, सेटमधली एक डिस्क सोबत घेऊन जा आणि दुकानातच लावून दाखवायला सांगा. मी परत ठाण्याहून लोकलने तो प्लेअर मांडीवर घेऊन गेलो, वाद घातला, वर पैसे भरले आणि चालणारा घेऊन आलो. त्या दिवशी माझा चेहरा पण तोंडातून आग ओकण्याच्याच बेतात होता.

असो. पिक्चरवर येऊ.

आमच्या पिढीला मुळात दूरदर्शनवरच्या 'जायंट रोबोट'ने बिघडवलं. घड्याळात बोलून रोबोट बोलावणारा तो पोरगा, दर भागात नवीन राक्षस, शाळेत दुसऱ्या दिवशी सगळे मनगट तोंडाशी नेऊन बोलतायत. ते जपानी आहे हे पण तेव्हा माहीत नव्हतं. नंतर ठाणे स्टेशनबाहेर व्हीसीडी मिळायच्या त्यात एकदोन गॉडझिला सापडले, चित्र असं की राक्षस कुठला आणि धूर कुठला तेच कळू नये. त्यामुळे हा सेट लावला आणि पहिल्यांदा ते सगळं स्वच्छ दिसलं तेव्हा गंमत काय झाली माहितीये, तारा दिसायला लागल्या. किंग घिडोरा उडतोय, सोनेरी खवले चमकतायत, आणि वर चक्क तारा. विमानांना तारा. मॉथ्रा नावाच्या राक्षसी पतंग-किड्याला तारा. आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाहीये हां, उलट मला तर तिथे आनंदाच्या उकळ्या फुटतात.

कारण त्या तारांच्या वरच्या टोकाला माणसं आहेत. घिडोराला तीन मुंड्या, दोन शेपट्या, दोन पंख, आणि सूटच्या आत एकच माणूस, शोइची हिरोसे नावाचा, आत एक आडवी दांडी धरून तोल सांभाळत वाकून उभा. बाकीचे सगळे अवयव वर माळ्यावर बसलेली टीम तारांनी हलवतेय. एक मुंडी डावीकडे बघतेय, एक वर, एक किंचाळतेय, आणि तारा एकमेकींत गुंतल्या की सगळं थांबवून परत पहिल्यापासून. आता एखादा सीन बघताना तीन मुंड्या एका लयीत डोलल्या की मी मनातल्या मनात वरच्या मंडळींना दाद देतो. कॉम्प्युटरवर बनवलेल्या राक्षसाला मी अशी दाद कधी दिल्याचं आठवत नाही, तिथे नुसतं 'भारी' म्हणून आपण मोकळे होतो.

या सगळ्यामागचा मेंदू म्हणजे एइजी त्सुबुराया, तोहोचे ट्रिकसीनवाले. दिग्दर्शक इशिरो होंडा, निर्माता तोमोयुकी तानाका आणि संगीत अकिरा इफुकुबे, ही चौकडी म्हणजे गॉडझिला. हॉलिवूडमध्ये तेव्हा बाहुल्या एकेक फ्रेमला तसूभर हलवून फोटो काढायची पद्धत होती, पण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही फार लागतो, म्हणून यांनी सरळ माणसाला सूट घातला आणि शहर लहान बनवलं, साधारण 1/25 मापाचं. वर कॅमेरा नेहमीपेक्षा जास्त वेगाने चालवायचा, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ दिसते, आणि संथ हललेली वस्तू आपल्याला वजनदार वाटते. युक्ती एवढीच. पण कॅमेरा वेगात पळवायचा म्हणजे प्रकाश जास्त लागतो, म्हणजे दिव्यांची भट्टी, आणि त्या भट्टीत रबराच्या सूटमध्ये कोण तर हारुओ नाकाजिमा. 1954 चा पहिला सूट जवळजवळ 100 किलोचा होता, आत उभं राहणंच मुश्किल, चालणं लांबच, शेवटी पायांचे क्लोजअप घ्यायला एक सूट कापून अर्धाच वापरला. या गड्याने प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्ती कसा पाय टाकतो, अस्वल कसं वळतं ते बघून चाल बसवली आणि 1954 पासून 1972 पर्यंत गॉडझिला हाच होता. त्याच 1954 साली 'सेव्हन सामुराई'मध्ये पण तो छोट्याशा कामात आहे, आणि त्यातले म्होरके सामुराई ताकाशी शिमुरा इकडे गॉडझिलावर अभ्यास करणारे प्रोफेसर. एकाच वर्षी दोन्ही. कसली माणसं असतील.

आणि ती डरकाळी! ती कुठल्या प्राण्याची नाहीये. इफुकुबेंनी कॉन्ट्राबासच्या, म्हणजे ते माणसाएवढं व्हायोलिन असतं ना, त्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला, ते रेकॉर्ड केलं आणि त्याचा वेग कमीजास्त केला. हे वाचल्यापासून आमच्या घरात सगळ्या हातमोज्यांवर संशय आहे. लेकीने स्कूटीच्या हातमोज्याने माझ्या जुन्या गिटारवर प्रयोग करून झालाय, आवाज निघाला तो मांजराचा.

पहिला पिक्चर मात्र चेष्टेचा नाहीये हे आधीच सांगतो, कारण बरेच जण 'काहीतरी येडेपणा बघू' म्हणून लावतात आणि गप्प होतात. 1 मार्च 1954 ला अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, जपानची एक मासेमारीची बोट, दाइगो फुकुर्यू मारू, त्या राखेत सापडली, 23 जण होते बोटीवर, त्यातला वायरलेस सांभाळणारा सप्टेंबरमध्ये गेला, आणि 3 नोव्हेंबरला हा पिक्चर थेटरात. सुरुवातच समुद्रातल्या बोटीवर, लख्ख उजेड आणि बोट खलास. बघणाऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. एक सीन आहे, ट्रेनमध्ये ऑफिसला जाणारी माणसं गॉडझिलाबद्दल गप्पा मारतायत आणि एक बाई सहज म्हणते की नागासाकीतून कशीबशी वाचले आणि आता हे. आणि मग परत गप्पा चालू. रोज लोकलने जाणाऱ्याला तो सीन बरोब्बर कळतो, आपण पण बॉम्बस्फोट, पूर, सगळ्याबद्दल असंच चौथ्या सीटवर टेकून बोलतो आणि मुलुंड आलं की उतरतो. लेक 7 वर्षांची आहे, तिला हा अजून दाखवलेला नाही, त्यातला दवाखान्याचा सीन आणि भिंतीला टेकून पोरांना कवटाळून बसलेली आई मलाच झेपत नाही.

पण मग हळूहळू काय होतं बघा, तोच राक्षस सात-आठ वर्षांत कुस्ती खेळायला लागतो. 1962 चा 'किंग काँग विरुद्ध गॉडझिला', तोहोच्या तिसाव्या वाढदिवसाचा पिक्चर, गॉडझिलाचा पहिला रंगीत. कारण काय तर एका औषध कंपनीच्या मालकाला टीव्हीवरच्या आपल्या कार्यक्रमाची रेटिंग वाढवायचीत म्हणून तो काँग पकडून आणायला माणसं पाठवतो. 1962 ला. टीआरपीसाठी. त्यात एक खराखुरा जिवंत ऑक्टोपस आहे, छोट्या छोट्या झोपड्यांवर सोडलेला, आणि तो मस्त स्वतःच्या तंद्रीत सरपटतोय, त्याला सीन वगैरे काही घेणंदेणं नाही. त्याची कातडी ओली चकचकीत, झोपडीचं छप्पर त्याच्या वजनाने खरंच खचतं, आणि खाली गावकरी भाले फेकतायत ते वेगळं शूट करून जोडलेलं. सगळ्या सेटमधला बेस्ट अभिनय त्याचाच. शेवटाकडे काँग अख्खं झाड उपटून गॉडझिलाच्या तोंडात कोंबतो, सासूबाई स्वयंपाकघरातून बघत होत्या, म्हणाल्या 'अगं बाई, दातून देतोय का त्याला'.

आणि हो, जपानी आवृत्तीत गॉडझिला जिंकतो आणि अमेरिकन आवृत्तीत काँग, ही जुनी थाप आहे. दोन्हीत दोघं समुद्रात पडतात आणि पोहत निघतो तो काँगच.

इथेच माझा अर्धा स्टार गेला. सेटमध्ये या पिक्चरची अमेरिकन आवृत्ती मुख्य म्हणून दिलीय, ज्यात मध्येमध्ये न्यूजवाले घुसवलेत आणि इफुकुबेंचं बरंचसं संगीत काढून दुसरीकडचं ठिगळ लावलंय, आणि मूळ जपानी आवृत्ती शेवटच्या बोनस डिस्कवर ढकललीय. हक्कांचा काय घोळ असेल तो असेल, पण जेवायला बसवून पुरणपोळी डब्यात बांधून दिल्यातला प्रकार. थेट आठवी डिस्क काढा आणि तीच बघा. बाकी कॉमेंटरी फक्त पहिल्या पिक्चरला आणि त्याच्याच 1956 च्या अमेरिकन आवृत्तीला आहे, इंग्लिश डबिंग पण मोजक्याच पिक्चरना, म्हणजे मुलांबरोबर बघायचं तर इंग्लिश सबटायटल मोठ्याने वाचून मराठीत सांगायची तयारी ठेवा.

ते वाचणं हा आमच्याकडे वेगळाच कार्यक्रम झालाय. 1964 च्या घिडोरावाल्या पिक्चरमध्ये तो महान सीन आहे, मॉथ्राची अळी गॉडझिला आणि रोडान नावाच्या उडत्या राक्षसाला समजावायला येते की घिडोरा पृथ्वीची वाट लावतोय, आपण तिघं मिळून लढू. तिघंही नुसते चीं-चूं-घर्र करतायत आणि दोन वीतभर उंचीच्या जुळ्या बहिणी, ज्यांचं काम त्या काळच्या 'द पीनट्स' नावाच्या गाणाऱ्या जुळ्यांनी केलंय, माणसांना भाषांतर करून सांगतायत. गॉडझिलाचं म्हणणं काय, तर माणसांनी कायम आम्हाला छळलंय, आम्ही का वाचवायचं त्यांना. रोडान म्हणतो बरोबर आहे. मी ते मालवणी हेल काढून वाचतो, 'माणसांका वाचवूचा? कित्याक?' आणि लेक हसून हसून सोफ्यावरून खाली. पण बघा ना, त्या सीनमध्ये एकही नट हसत नाही. पोलीस, प्रोफेसर, पत्रकार, सगळे डोंगरावर उभं राहून तीन राक्षसांची मीटिंग अशा चेहऱ्याने ऐकतायत की जणू बजेटचं भाषण आहे. माझ्या मते या पिक्चरची सगळी जादू यातच आहे, बघणाऱ्याला हसू येवो नाहीतर रडू, करणारे कोणीही डोळा मारत नाहीत. हल्लीचे पिक्चर स्वतःच स्वतःची चेष्टा करून आधीच मोकळे होतात, मग आपल्यासाठी काय उरलं?

सासरे मूळचे मोखाड्याचे, बोहाडा, म्हणजे तिकडचा मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, बघत वाढलेले. मी त्यांना उगाच जरा सावरून सांगायला गेलो की जुने पिक्चर आहेत, आत माणूस आहे ते कळतं. तर म्हणाले, 'अहो मग लपवायचंय कशाला? आमच्याकडे रावणाचं सोंग निघायचं तेव्हा मुखवट्याखाली कोण आहे ते अख्ख्या गावाला माहीत असायचं, संबळ वाजला आणि सोंग अंगावर आलं की पोरं पळायचीच. माहीत असून पळण्यात मजा.' आणि ते बघतात कसं, तर गॉडझिलाच्या तोंडाकडे नाही, पायांकडे. बोहाड्यात मुखवटा हलत नाही, त्यामुळे सोंग चांगलं की वाईट ते पायांवरून ठरतं म्हणे. 1973 चा 'मेगालॉन' लावला होता, गॉडझिला आला, पाचेक मिनिटं झाली आणि हे म्हणतात, 'हा तो माणूस नव्हे. आधीचा टाच आधी टेकायचा आणि मग अंग टाकायचा, हा पोरगा उड्या मारतोय.' मी पुस्तक उघडून बघितलं. 1972 च्या 'गायगन' नंतर नाकाजिमांनी सूट उतरवला होता, मेगालॉनमध्ये दुसराच नट आहे. सबटायटल वाचायला चष्मा लागतो या माणसाला.

आपल्याकडे हे सगळं नवीन आहे असं पण नाही. दादासाहेब फाळक्यांनी 1919 च्या 'कालिया मर्दन'मध्ये स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाशी झुंजवली होती, आणि 1966 साली हिंदीत 'गोगोला' नावाचा समुद्रातल्या राक्षसाचा पिक्चर पण येऊन गेला. पुढे आपण दैत्य सोडून गाण्यांवर जास्त खर्च केला एवढंच.

1965 च्या पिक्चरमध्ये गॉडझिला दुसऱ्या ग्रहावर जातो, घिडोराला पळवून लावतो आणि आनंदाने हात डोक्यावर नेऊन एका पायावर उड्या मारतो. ही 'शे' नावाची पोझ तेव्हाच्या एका लोकप्रिय जपानी कॉमिकमधली, अख्ख्या जपानची पोरं शाळेत तेच करत होती. 50 मीटरचा अणुराक्षस, तो पण करतोय. आमच्या घरात जेवण आवडलं की आता ही पोझ होते, बायको पहिल्यांदा वैतागली, आता शेवयांच्या खिरीनंतर ती पण करते.

मिनिला, म्हणजे गॉडझिलाचं पोरगं, 1967. हे मी सांभाळून बोलतो कारण लेकीचा तो लाडका आहे, पण दिसतो कसा तर सोललेल्या बटाट्याला डोळे लावल्यावर दिसेल तसा. त्याला आग ओकता येत नाही, नुसती धुराची वेटोळी येतात, मग बाप शेपटीवर पाय देतो आणि फुस्सकन आग. सासऱ्यांना ही शिकवण्याची पद्धत पटली, मास्तर होते ते. 1966 च्या पिक्चरमधला महाकाय कोळंबा एबिरा आणि गॉडझिला एकमेकांकडे दगड टोलवत चक्क व्हॉलीबॉल खेळतात, त्याबद्दल मी काही लिहीत नाही, बघाच.

1969 चा 'ऑल मॉन्स्टर्स अटॅक' सगळे फॅन शिव्या घालतात, कारण अर्ध्याअधिक मारामाऱ्या जुन्या पिक्चरच्या उचलून चिकटवल्यात. मला तो आवडतो. तोहोने तेव्हा शाळेच्या सुट्ट्यांमध्ये मुलांसाठी 'चॅम्पियन मात्सुरी' नावाने पिक्चर आणि कार्टूनचा एकत्र खेळ लावायला सुरुवात केली होती, त्यातला हा पहिला. कारखान्यांच्या धुरकट वस्तीतला एक पोरगा, आईबाप दोघं कामावर, हा स्वतःच्या किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात येतो, शाळेतली पोरं त्रास देतात, मग हा झोपेत राक्षसांच्या बेटावर जातो. आमच्या टॉवरमधली निम्मी पोरं अशीच आहेत, गळ्यात किल्ली आणि डब्यात नूडल्स. होंडांनी तो पोरगा इतक्या मायेने दाखवलाय की चिकटवलेल्या मारामाऱ्या मी माफ केल्या.

आणि हेडोरा. 1971. सुरुगा उपसागरात कागदगिरण्यांचा गाळ साचून समुद्र सडला होता, त्या खऱ्या गाळावरून हा राक्षस, प्रदूषण खाऊन मोठा होणारा, धुरांड्याला तोंड लावून धूर ओढतो एकदम गंजेड्यासारखा. कळव्याचा खाडीपूल ओलांडताना नाकाला रुमाल लावणाऱ्यांना, नाहीतर रात्री रबाळे-महापेच्या बाजूने बाईकवर जाणाऱ्यांना हा राक्षस काल्पनिक वाटणार नाही. पिक्चर मध्येच भयानक आहे, मध्येच कार्टून, मध्येच डिस्कोत नाचणाऱ्यांची डोकी माशांची होतात, काही संगती नाही. आणि मग गॉडझिला शेपूट पोटाशी घेऊन तोंडातल्या आगीच्या जोरावर उलटा उडतो. उलटा! रॉकेटसारखा, पाठीमागे! निर्माते तानाका तेव्हा दवाखान्यात होते, नंतर बघून दिग्दर्शक योशिमित्सु बान्नोवर जाम भडकले म्हणतात. मी मात्र म्हणेन छापील 18 हजारातले 4 हजार त्या एका सीनचे.

घरी बसून अजून एक वाद नेहमी होतो, गॉडझिला ठाण्यात आला तर कुठून येईल. गायमुखकडून, खाडीतून, हे ठरलंय. पण खरी गोची उंचीची आहे. 1954 चा गॉडझिला 50 मीटर, कारण तेव्हा टोकियोत इमारतींना 31 मीटरची मर्यादा होती, तो सगळ्यांच्या वर डोकं काढून दिसायचा, गिन्झाचं घड्याळाचं टॉवर त्याच्या छातीशी. पुढे टोकियो वाढलं तसं तोहोला त्याला पण वाढवावं लागलं, 1984 ला 80 मीटर केला, नंतर 100. आता घोडबंदर रोडवर 50 मीटर म्हणजे कितवा मजला, तर 16-17 वा. आम्ही मानपाड्याला बाविसाव्या मजल्यावर. म्हणजे तो आला तर आमच्या बाल्कनीच्या खालून जाईल आणि आम्हाला त्याच्या डोक्याचा वरचा भाग दिसेल. लेकीने हिशोब करून सांगितलं की पाणी टाकता येईल. त्याला 40 मजली टॉवर पाडायचे तर आधी स्टूल लागेल बिचाऱ्याला. पूर्वीचं ठाणं, नौपाड्यातल्या दुमजली चाळी, टेंभी नाका, तलावपाळी, तिथे काय भारी दिसला असता.

कोणी घ्यावा? जे मोबाईलवर 1.5 स्पीडने बघतात त्यांनी लांब राहा, या पिक्चरमध्ये पहिली 40 मिनिटं माणसं खोल्यांत बसून बोलतात आणि काही ठिकाणी खरंच कंटाळा येतो, विशेषतः मंगळ-शुक्राकडचे हेरगिरीचे प्रकार सुरू झाले की मी चहा टाकून येतो. फक्त पहिलाच बघायचा असेल तर एवढा मोठा सेट नको, क्रायटेरियनने 1954 चा पिक्चर वेगळा पण काढलाय, स्वस्त पडेल. लहान मुलं असतील तर सुरुवात घिडोराने करा, मग 1965, मग मिनिला, आणि 1974 चा मेकागॉडझिला कुठल्याही शनिवारी संध्याकाळी चालतो, पोलादी गॉडझिलाच्या बोटांतून क्षेपणास्त्रं निघतात, त्यावर कोणत्याही वयाचा मुलगा गप्प बसतो, मी पण. होंडांचा 1975 चा शेवटचा पिक्चर थोडा मोठ्यांचा आहे, तो पोरं झोपल्यावर.

ओटीटीवर यातले काही अधूनमधून येतात आणि न सांगता जातात, त्यावर विसंबू नका. आणि परत सांगतो, प्लेअर आधी, सेट नंतर, आणि सेट नोव्हेंबरच्या सेलमध्ये. अमेरिकेहून येणारं कोणी असेल तर ऑगस्टपासूनच मस्का लावायला घ्या, बॅगेतली जागा बदामवाले आधी पकडतात.